बजेटच्या वृत्तालेखात संरक्षणाला ८ पैसे आणि बातमीत १३.४५ टक्के, दोन्ही खरं कसं?

रेवाचीआई | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी, लेकीच्या गणितावरून घरात तीन दिवस वाद चाललाय, शेवटी म्हटलं इथेच विचारावं. लेक यंदा दहावीला, आपल्याच बोर्डाची, मराठी माध्यम. गणित भाग १ मधलं सहावं प्रकरण सांख्यिकी, त्यात वृत्तालेख (पाय चार्ट) आहे. उदाहरणं ती पटापट सोडवते, घटक भागिले एकूण गुणिले ३६०, केंद्रीय कोन आला की कोनमापक लावायचा आणि रंग भरायचे. पण बाईंनी सांगितलंय की पेपरात आलेला एखादा खरा वृत्तालेख आणा, तो वाचून पाच वाक्यं लिहा आणि प्रत्येक वाक्यात तुलना पाहिजे.

आमच्याकडे बजेटच्या दिवसाचं पान जपून ठेवलेलं होतं, ह्यांना कात्रणांची सवय आहे. त्यात ती 'रुपया येतो कुठून, जातो कुठे' अशी दोन वर्तुळं असतात ना, ती घेतली, २०२५-२६ ची. येतो कुठून मध्ये कर्ज आणि इतर देणी २४ पैसे, प्राप्तिकर २२, जीएसटी १८, कंपनी कर १७, करेतर उत्पन्न ९, अबकारी ५, सीमाशुल्क ४ आणि कर्ज सोडून इतर भांडवली जमा १. जातो कुठे मध्ये राज्यांचा करातला वाटा २२, व्याज २०, केंद्राच्या स्वतःच्या योजना १६, मग संरक्षण ८, केंद्रपुरस्कृत योजना ८, वित्त आयोग वगैरे ८, इतर खर्च ८, अनुदानं ६ आणि पेन्शन ४.

तिने दोन वाक्यं लिहिली. एक, "संरक्षणावर बजेटचे ८ टक्के खर्च होतात." दुसरं, "मागच्या वर्षी कर्ज २७ पैसे होतं, यंदा २४ आहे, म्हणजे कर्ज ३ टक्क्यांनी कमी झालं."

पहिल्या वाक्यावर ह्यांनी हरकत घेतली की संरक्षण मंत्रालयाला एकूण बजेटच्या १३.४५ टक्के मिळाले, तू ८ कुठून आणलेस. मी बघितलं तर सरकारी पत्रकातच १३.४५ आहे हो. आणि वर्तुळही सरकारच्याच बजेट कागदातलं. दुसऱ्या वाक्यात मलाच काहीतरी खटकतंय पण नेमकं सांगता येत नाहीये. मंगळवारी वही द्यायची आहे, कोणी समजावून सांगेल का, दहावीच्या मुलीला कळेल असं?

भागाकार | शनिवार, रात्री ९:३२

ताई, दुसरं वाक्य आधी घेऊ, ते सोपं आहे.

२७ पैशांचे २४ झाले, हा फरक ३ टक्केबिंदूंचा, म्हणजे पर्सेंटेज पॉइंटचा. "३ टक्क्यांनी" म्हटलं की ऐकणारा समजतो २७ चे ३ टक्के, म्हणजे ०.८१ पैसे घटले. तसं झालेलं नाही. २७ तले ३ गेले, म्हणजे त्या वाट्यात ११ टक्के घट झाली.

आणि अजून एक. ती वाट्यातली घट आहे, कर्जातली नाही. रुपयात बघितलं तर २०२४-२५ च्या पूर्ण बजेटमध्ये हे कर्ज १६.१३ लाख कोटी धरलं होतं आणि २०२५-२६ ला १५.६९ लाख कोटी, म्हणजे रकमेत घट फक्त पावणेतीन टक्के. बाकीची घट वाट्यात दिसते ती एकूण आकडाच वाढल्यामुळे.

म्हणजे एकाच गोष्टीला ३, ११ आणि पावणेतीन अशी तीन उत्तरं आहेत, तिन्ही बरोबर, पण तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची. लेकीला सांगा "कर्जाचा वाटा ३ टक्केबिंदूंनी कमी झाला" असं लिही.

तळ्यातमळ्यात | शनिवार, रात्री ९:४१

+१ भागाकार. ह्या टक्केबिंदूवरून बँकेत रोज गोंधळ बघते मी. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) ६.५० वरून ६.२५ झाला तेव्हा काउंटरवर लोक येऊन म्हणायचे की पाव टक्का कमी झाला तर माझा हप्ता पाव टक्का कमी करा, आणि मग पाच हजाराच्या हप्त्यावर साडेबारा रुपये काढून दाखवायचे. अहो तो दर पाव टक्केबिंदूने उतरला, हप्त्याचा हिशोब मुदत आणि शिल्लक मुद्दलावर वेगळाच निघतो. "टक्का" हा एकच शब्द आपण दोन्हीकडे वापरतो त्यामुळे समजावताना फार त्रास होतो. रेवाच्या आईने हे आत्ताच विचारलं ते बरं झालं, पोरांना दहावीतच हा फरक कळायला पाहिजे.

जमाखर्च | शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार. सरकारी लेखा विभागात आयुष्य गेलं, त्यामुळे पहिल्या वाक्यावर मी लिहितो, जरा लांबेल पण शांतपणे वाचा, पेन घेऊन बसा.

कुठलाही टक्का समोर आला की पहिला प्रश्न विचारायचा, शंभर कशाला धरलेत? इथे सगळा घोळ त्या शंभरातच आहे.

बातम्यांमध्ये २०२५-२६ चं बजेट ५०.६५ लाख कोटींचं असं येतं, तो केंद्राचा एकूण खर्च. पण केंद्र जे कर गोळा करतं त्यातला राज्यांचा हिस्सा, १४.२२ लाख कोटी, हा केंद्राच्या खर्चात धरतच नाहीत, तो जमेतूनच वजा होऊन राज्यांना जातो. आता 'रुपया जातो कुठे' चं वर्तुळ बघा. त्यात सगळ्यात मोठी पाकळी कोणती? राज्यांचा करातला वाटा, २२ पैसे. म्हणजे वर्तुळ काढणाऱ्याने तो वाटा आत घेतलाय, म्हणजेच त्या वर्तुळाचं शंभर हे ५०.६५ नसून ५०.६५ अधिक १४.२२, साधारण ६४.८८ लाख कोटी आहे (आकडे गोल न करता पूर्ण धरल्यावर ८७ चे ८८ होतात).

पडताळून बघा. १४.२२ भागिले ६४.८८, आले २१.९, म्हणजे २२ पैसे. जुळलं. व्याज १२.७६ लाख कोटी, भागिले ६४.८८, आले १९.७, म्हणजे २० पैसे. हेही जुळलं. तेच व्याज ५०.६५ ने भागलं तर २५ टक्क्यांवर जातं. म्हणून एका पेपरात "रुपयातले २० पैसे व्याजात" आणि दुसऱ्यात "खर्चाचा चौथा हिस्सा व्याजात" असं छापून येतं आणि दोन्ही छापणारे खरं बोलत असतात.

आता संरक्षण. इथे खालचा आकडाही बदलतो आणि वरचाही. वर्तुळातल्या संरक्षणाच्या पाकळीत ४.९२ लाख कोटी आहेत. ६४.८८ ने भागा, ७.६, म्हणजे ८ पैसे. पण संरक्षण मंत्रालयाची एकूण तरतूद ६.८१ लाख कोटी आहे. मधला फरक कुठे गेला? निवृत्त सैनिकांची पेन्शन, सुमारे १.६१ लाख कोटी, ती वर्तुळात पेन्शनच्या ४ पैशांच्या पाकळीत बसलीय. उरलेला थोडा मंत्रालयाचा नागरी खर्च आहे. आणि ६.८१ भागिले ५०.६५ करा, १३.४५ येतात की नाही बघा.

म्हणजे ताई तुमचे यजमानही बरोबर आणि वर्तुळही बरोबर. चूक फक्त वाक्यातल्या "बजेटचे" ह्या शब्दात आहे. वर्तुळ बजेटच्या खर्चाचं नाहीये, ते राज्यांच्या वाट्यासकट सगळ्या पैशाचं आहे.

रेवाचीआई | शनिवार, रात्री १०:३८

जमाखर्च काका, तुमची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. हे आधी म्हणाले "बघ, मी म्हणत होतो", मग पेन्शनच्या ओळीला गप्प झाले आणि उठून कॅल्क्युलेटर घेऊन आले 😊 तिघांनी मिळून भागाकार केले, सगळे जुळले. रेवाला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की वर्तुळाचं एकूण कुठेच लिहिलेलं नसताना आपण ते शोधून काढलं. ती म्हणतेय पुस्तकातल्या उदाहरणात एकूण नेहमी दिलेलंच असतं किंवा बेरीज केली की मिळतं.

तिचा एक प्रश्न. संरक्षण ८ आणि केंद्रपुरस्कृत योजना पण ८, मग दोन्हीवर सारखाच खर्च होतो असं वाक्य लिहिलं तर चालेल का?

जमाखर्च | शनिवार, रात्री १०:५०

नाही चालणार, छान विचारलं तिने. पैसे पूर्णांकात गोल केलेले असतात. केंद्रपुरस्कृत योजनांना ५.४२ लाख कोटी आहेत, म्हणजे ६४.८८ चे ८.३५ टक्के, गोल करून ८. संरक्षणाचे ७.६, गोल करून तेही ८. दोन्ही पाकळ्या वर्तुळात सारख्या, पण रकमेत फरक सुमारे पन्नास हजार कोटींचा. "दोन्हींचा वाटा सुमारे ८ पैसे" असं लिहू दे. "सुमारे" हा शब्द विसरायचा नाही.

खडूफळा | रविवार, सकाळी ७:२०

धाग्याबद्दल मनापासून आभार रेवाच्या आई. मी माध्यमिकला गणित शिकवते, बावीस वर्षं झाली, आणि हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे त्यामुळे राहवत नाहीये.

वृत्तालेख हा दोन गुणांचा हुकमी प्रश्न म्हणून आपण शिकवतो आणि मुलंही कोन काढून मोकळी होतात. पण कोन म्हणजे टक्केवारीच आहे हे कित्येकांना शेवटपर्यंत जाणवत नाही. १ टक्का म्हणजे ३.६ अंश, बस्स. ८ पैशांची पाकळी २८.८ अंश, २० पैशांची ७२, २२ ची ७९.२. मी वर्गात दोन्ही रकाने शेजारी शेजारी लिहायला लावते, कारण तुलना करताना अंश कोणाच्या डोक्यात बसत नाहीत, "७९ अंश आणि ७२ अंश" म्हटलं की काही कळत नाही, "शंभरातले २२ आणि शंभरातले २०" म्हटलं की लगेच कळतं. शतमान काढतो ते त्यासाठीच, वेगवेगळ्या आकाराच्या गोष्टी एका मापावर आणायला.

पण ते माप एकच झालं म्हणून आतल्या वस्तू सारख्या होत नाहीत, आणि इथे मुलं हमखास फसतात. मी दरवर्षी २०११ च्या जनगणनेचं उदाहरण देते. महाराष्ट्रात शहरी लोकसंख्या ४५.२२ टक्के, गोव्यात ६२.१७ टक्के. सारख्या आकाराची दोन वर्तुळं फळ्यावर काढते, महाराष्ट्राची शहरी पाकळी १६२.८ अंश, गोव्याची २२३.८ अंश. मग विचारते, शहरात राहणारी माणसं कुठे जास्त? निम्मा वर्ग "गोवा" ओरडतो. मग आकडे लिहिते, महाराष्ट्र ५ कोटी ८ लाख, गोवा ९ लाख ७ हजार. वर्ग शांत होतो, आणि त्या शांततेत जे डोक्यात जातं ते दहा उदाहरणं सोडवून जात नाही.

ह्यावर उपाय आहे, वर्तुळं सारख्या आकाराची काढायचीच नाहीत. क्षेत्रफळ एकूण संख्येच्या प्रमाणात ठेवायचं. महाराष्ट्राची लोकसंख्या गोव्याच्या ७७ पट, ७७ चं वर्गमूळ ८.८ च्या आसपास, म्हणजे गोव्याची त्रिज्या १ सेंमी घेतली तर महाराष्ट्राची ८.८ सेंमी. त्रिज्या ७७ पट करायची नाही हां, तिथे हुशार मुलं पण चुकतात. ही युक्ती नवीन नाहीये, १८०१ साली विल्यम प्लेफेअरने छापलेल्या तक्त्यांत देशांची वर्तुळं त्यांच्या भूभागाच्या प्रमाणात लहानमोठी होती आणि त्यातच तुर्की साम्राज्याचं वर्तुळ आशिया, युरोप, आफ्रिका असं पाकळ्यांत विभागलेलं होतं. पहिला वृत्तालेख म्हणतात तो हाच.

मडगांवकार | रविवार, सकाळी ९:०५

खडूफळा ताई, मी मडगावचा. ते ६२ टक्के वाचून बाहेरच्या माणसाला वाटेल की गोवा म्हणजे सगळीकडे शहरच शहर. तसं नाही. जनगणनेत "शहरी" मध्ये दोन प्रकार येतात. एक नगरपालिका असलेली शहरं, आणि दुसरी जनगणना शहरं, म्हणजे जिथे पंचायतच आहे पण लोकसंख्या निदान ५ हजार, दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, ह्या तिन्ही अटी पुऱ्या होतात. २०११ ला गोव्यात नगरपालिकावाली शहरं १४ आणि जनगणना शहरं ५६ होती. आमचे कितीतरी वाडे, जिथे दारात माड आणि मागे शेत आहे, ते ह्या हिशोबात शहर आहेत. ग्रामसभा भरते आणि माणूस मोजला जातो शहरात.

म्हणून जमाखर्च काका म्हणतात तसं शंभर कशाचे हे विचाराच, पण पाकळीवर जे नाव लिहिलंय त्यात कोणाकोणाला बसवलंय हेही विचारा. संरक्षणाच्या पाकळीत पेन्शन नाही, आमच्या शहरी पाकळीत पंचायती आहेत.

खडूफळा | रविवार, सकाळी ९:१८

हे मला इतक्या नेमकेपणाने माहीत नव्हतं, उद्याच वर्गात सांगते. देव बरें करूं.

माळरान | रविवार, दुपारी १२:४०

मी मराठवाड्यातला, गावातच राहतो, शेती आहे, म्हणून हा विषय वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे सभेत, चहाच्या टपरीवर, सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं की महाराष्ट्रातला गावाकडचा टक्का घसरला, आता गावात कोण राहिलंय, गावं ओस पडली, मग गावाला कशाला एसटी आणि कशाला दवाखाना, आणि हे बोलताना पुरावा म्हणून जनगणनेची वर्तुळं दाखवतात, २००१ ला ग्रामीण ५७.५७ टक्के आणि २०११ ला ५४.७८, बघा घसरलं की नाही. मी एकदा बसून आकडे काढले. २००१ ला महाराष्ट्राच्या गावांत ५ कोटी ५७ लाख ७८ हजार माणसं होती आणि २०११ ला ६ कोटी १५ लाख ५६ हजार. म्हणजे टक्का जवळपास तीनने उतरला आणि माणसं वाढली जवळजवळ ५८ लाख, दहा टक्क्यांहून जास्त! ५८ लाख माणसांना पाणी लागतं, शाळा लागते, आणि वर्तुळ बघणारा म्हणतो गाव कमी झालं.

काही गावं खरंच रिकामी होतायत, ते मी नाकारत नाही, आमच्याच शेजारचं वाडीवस्तीचं गाव आहे तसं. पण "वाटा कमी झाला" आणि "माणसं कमी झाली" ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एक करून बोललं की आमच्या वाट्याचं काहीतरी जातं, म्हणून मला ह्याची चीड येते.

भागाकार | रविवार, दुपारी १:१०

माळरान दादा, अगदी पटलं. तुमच्याच आकड्यांवरून पुढे. त्या दहा वर्षांत शहरी लोकसंख्या ४ कोटी ११ लाखांवरून ५ कोटी ८ लाख झाली, वाढ ९७ लाख, म्हणजे २३.६ टक्के. ग्रामीण वाढ १०.४ टक्के. सगळं राज्य १६ टक्क्यांनी वाढलं. जो १६ पेक्षा हळू वाढला त्याचा वाटा घटणारच, मग तो कितीही वाढलेला असो. वाटा कमी व्हायला माणसं कमी व्हावी लागत नाहीत, दुसऱ्यापेक्षा हळू वाढली तरी पुरतं.

रेवाला हवं तर तिसरं वर्तुळ काढता येईल, फक्त वाढीचं. एकूण वाढ १ कोटी ५५ लाख, त्यात शहरी ६२.७ टक्के आणि ग्रामीण ३७.३ टक्के. हे वर्तुळ कोणी दाखवत नाही, पण बदल समजायला ते दोन वर्तुळांपेक्षा जास्त कामाचं. आणि त्यातही मडगांवकार म्हणतात ती गोष्ट आहेच, दहा वर्षांत काही गावं अटी पुऱ्या करून शहरी खात्यात गेली, माणूस जागचा हलला नाही तरी पाकळी बदलली.

तळ्यातमळ्यात | रविवार, दुपारी २:२५

एक शंका, कदाचित अगदी साधी असेल. महाराष्ट्र ४५.२२ आणि गोवा ६२.१७, मग दोन्ही मिळून शहरी टक्केवारी किती? मी सरासरी काढली ती ५३.७ आली, पण मनाला पटत नाहीये कारण गोवा एवढासा.

खडूफळा | रविवार, दुपारी २:५०

पटत नाहीये ते बरोबरच आहे तुमचं. टक्क्यांची अशी सरळ सरासरी काढता येत नाही, परत माणसांवर यावं लागतं. दोन्हीकडची शहरी माणसं ५ कोटी १७ लाख २५ हजार, दोन्हीकडची एकूण ११ कोटी ३८ लाख ३३ हजार, भागून आले ४५.४४. गोव्याने महाराष्ट्राचा आकडा पाव टक्केबिंदूनेही हलवला नाही. दुधाच्या पातेल्यात चमचाभर साय घातली तर पातेल्यातल्या दुधाला किती फरक पडणार, तसं.

शाळेतही हेच करतात हो, अ तुकडीचा निकाल ९० टक्के, ब चा ७०, मग शाळेचा ८० असं फळ्यावर लिहून मोकळे, आणि अ तुकडीत वीस मुलं, ब मध्ये साठ. खरा निकाल ७५.

रेवाचीआई | रविवार, संध्याकाळी ६:३०

किती छान चर्चा झाली, प्रत्येक पोस्ट आम्ही तिघं मिळून वाचतोय. पण आता एक नवीनच प्रकार झालाय. रेवाने पेपरातल्या कात्रणावर कोनमापक ठेवून संरक्षण आणि केंद्रपुरस्कृत योजना ह्या दोन्ही पाकळ्या मोजल्या. दोन्ही ८ पैसे, म्हणजे दोन्ही २८.८ अंश यायला पाहिजेत. खालची, आपल्या समोरची पाकळी आली ४८ अंश आणि उजव्या अंगाची आली १७! तीन वेळा मोजलं. पेपरातलं वर्तुळ जरा आडवं ठेवल्यासारखं, केकसारखं जाड दाखवलंय. रडवेली झाली, म्हणाली आता सगळं चुकलं.

खडूफळा | रविवार, संध्याकाळी ६:४८

तिला म्हणावं रडायचं नाही, तू आत्ता जे शोधलंस ते पेपर छापणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं. त्या चित्राची रुंदी आणि उंची मोजून सांगा बघू.

रेवाचीआई | रविवार, संध्याकाळी ६:५५

रुंदी १० सेंमी, उंची पावणेसहा.

खडूफळा | रविवार, संध्याकाळी ७:२०

मग तिचं मोजमाप अगदी बरोबर आहे. वर्तुळ तिरकं करून दाखवलं की ते वर्तुळ राहत नाही, चपटं होतं. तुमच्या चित्रात ते उभ्यात ०.५७५ पट दाबलं गेलंय. तेवढं दाबल्यावर समोरची २८.८ अंशांची पाकळी पसरून ४८ ची दिसते आणि बाजूची आकसून १७ ची, मी त्रिकोणमितीने काढून बघितलं, दोन्ही आकडे जुळतात. कोन मोडला, पण गंमत अशी की क्षेत्रफळाचं प्रमाण मोडत नाही, सगळ्याच पाकळ्या सारख्याच दाबल्या गेल्यात. पण डोळा काही क्षेत्रफळ मोजत नाही. आणि वर त्या केकची समोरची जाड कड रंगवतात, तिने समोरची पाकळी आणखी भरीव दिसते. म्हणजे ज्याला आपला आकडा मोठा दाखवायचाय त्याने तो समोर आणून ठेवावा. मी मुलांना असं चित्र काढूच देत नाही, सपाट वर्तुळच काढायचं.

सपाट वर्तुळातही डोळ्याला कोन नीट वाचता येत नाहीत बरं का. १९८४ मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल ह्या दोघांनी माणसांवर प्रयोग करून दाखवलं की एका रेषेवर उभे केलेले स्तंभ आपण जितके बरोबर वाचतो तितके कोन वाचत नाही. २२ आणि २० पैसे वर्तुळात ओळखून दाखवा, आकडा झाकून. नाही जमत. तेच स्तंभालेखात पटकन दिसतं. म्हणून वृत्तालेखावर टक्के लिहिलेले असलेच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे, आकड्याशिवायचं वर्तुळ तुलनेला पुरत नाही.

माळरान | रविवार, रात्री ८:०५

ताई मग वृत्तालेख काढायचाच कशाला? स्तंभ काढावेत सरळ.

खडूफळा | रविवार, रात्री ८:२२

एक गोष्ट वर्तुळच चांगली सांगतं, ती म्हणजे हे सगळे एकाच वस्तूचे तुकडे आहेत. कर्ज २४, प्राप्तिकर २२ आणि जीएसटी १८ ह्या तीन पाकळ्या शेजारी ठेवा, ६४ पैसे, अर्ध्या वर्तुळाच्या बरंच पुढे जातात हे लांबून दिसतं. स्तंभांमध्ये ती बेरीज डोळ्याला करता येत नाही. अर्धं, पाव, तीन चतुर्थांश, एवढं ओळखायला आणि दोन-तीन पाकळ्या जोडून बघायला वर्तुळ चांगलं. पण एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करायची असेल तर मी तुमच्याच बाजूची.

जमाखर्च | रविवार, रात्री ८:४०

रेवासाठी एक सुचवतो, वेळ असेल तर. संरक्षण मंत्रालयाचे सगळे ६.८१ लाख कोटी घ्यायचे, पेन्शन धरून. ते ५०.६५ च्या वर्तुळात १३.४५ टक्के, म्हणजे ४८.४ अंश. तेच ६४.८८ च्या वर्तुळात १०.५ टक्के, म्हणजे ३७.८ अंश. दोन वर्तुळं काढायची, खडूफळा ताईंच्या नियमाने, लहान ५ सेंमी त्रिज्येचं, मोठं ६४.८८ भागिले ५०.६५ च्या वर्गमुळाने वाढवून ५.६६ सेंमीचं. ह्या दोन पाकळ्या काढून बघ म्हणावं, आणि भूमितीत वर्तुळपाकळीच्या क्षेत्रफळाचं सूत्र आहे ते लावून बघ.

रेवाचीआई | सोमवार, रात्री ९:५०

काका, आज शाळेतून आल्यापासून तेच चाललं होतं. वहीचं पान पुरलं नाही म्हणून कार्डशीट आणला. ५.६६ कंपासमध्ये घेता येईना तर ५.७ घेऊ का विचारत होती, शेवटी बाबांनी पट्टीवर भिंग धरून जमवलं. दोन्ही पाकळ्या केशरी रंगाने रंगवल्या, एक रुंद आणि आखूड, दुसरी निमुळती आणि लांब, बघताना बिलकुल सारख्या वाटत नाहीत.

मग सूत्र लावलं. छेद ३६०, अंश ४८.४, गुणिले पाय, गुणिले २५. आणि दुसरीकडे ३७.८ घेऊन ५.६६ चा वर्ग. दोन्ही उत्तरं साडेदहा चौरस सेंमीच्या किंचित वर, दशांशाच्या पहिल्या स्थळापर्यंत सारखी. ती किंचाळलीच, "आई, पैसे तेवढेच आहेत म्हणून पाकळी तेवढीच आली!" ह्यांनी आपलं १३.४५ चं कात्रण तिला देऊन टाकलं, ते आणि वर्तुळाचं कात्रण दोन्ही कार्डशीटवर शेजारी चिकटवलंय आणि मधल्या जागेत तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ५०.६५ आणि ६४.८८. उद्या बाईंना दाखवणार आहे, फोटो चढवते सकाळी.